जिज्ञासू अल्बेरुनी

विद्यार्थी मित्रांनो, शेजारच्या एखाद्या मित्राने तुम्हांला कधी विचारले आहे का, की रमजानमध्ये तुम्ही दिवसभर पाणीसुद्धा का पीत नाही? किंवा तुम्ही त्याला कधी विचारले आहे का, की त्याची आई एकादशीचा उपवास का करते? असा प्रश्न मनात अनेकदा येतो. पण तो ओठांवर येत नाही. समोरच्याला राग येईल काय, तो हसेल काय, अशी भीती वाटते. प्रश्न विचारणारा घाबरतो आणि ज्याला विचारायचे तोही पुष्कळदा घाबरतो. मग दोघेही शेजारी शेजारी राहतात, रोज भेटतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत.

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी एका माणसाने ही भीती बाजूला ठेवली. त्याने परक्या लोकांची भाषा शिकून घेतली, त्यांच्याजवळ बसून त्यांच्या धर्माविषयी मनापासून प्रश्न विचारले, आणि जी उत्तरे मिळाली ती प्रामाणिकपणे लिहून ठेवली. त्या थोर विद्वानाचे नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्बेरुनी. त्यांचे चरित्र आज आपण वाचणार आहोत.

अल्बेरुनींचा जन्म ४ सप्टेंबर ९७३ रोजी ख्वारिज्म या प्रदेशात झाला. हा प्रदेश मध्य आशियात अमू दर्या नदीच्या काठी आहे. कास नावाचे शहर तेव्हा ख्वारिज्मची राजधानी होते. आज ती जागा उझबेकिस्तान या देशात आहे. तुम्हांला ठाऊकच आहे, की फारसीत बाहेरच्या बाजूला बेरून म्हणतात. या शहराच्या बाहेरच्या वस्तीत त्यांचा जन्म झाला, म्हणून त्यांना बेरुनी हे नाव पडले, असे मानतात.

लहानपणी त्यांना एक चांगले गुरू लाभले. त्यांचे नाव अबू नस्र मन्सूर. ते राजघराण्यातील होते आणि गणितात मोठे पंडित होते. त्यांनी या हुशार मुलाला गणित आणि खगोलशास्त्र शिकवले. पुढे हा शिष्य इतका मोठा झाला, की गुरूंनी आपली कित्येक पुस्तके त्याच्या नावाने अर्पण केली. गुरूने शिष्याला पुस्तक अर्पण करावे, याहून मोठे बक्षीस कोणते?

अल्बेरुनी स्वस्थ बसणारे नव्हते. पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांना प्रश्न पडत. ९९७ साली चंद्रग्रहण लागले. ते कास शहरात त्यांनी पाहिले आणि त्याच वेळी बगदादमध्ये अबुल वफा या विद्वानांनी पाहिले. हे दोघांनी आधीच ठरवले होते. दोन्ही ठिकाणच्या वेळांतील फरकावरून त्यांनी दोन शहरांच्या रेखांशांतील फरक काढला. त्या काळी तार नव्हती, टेलिफोन नव्हता. चंद्रालाच त्यांनी घड्याळ बनवले!

तरुण वयातच त्यांनी प्रसिद्ध तत्त्वज्ञ आणि हकीम इब्न सीना यांना अठरा प्रश्न पाठवले. ग्रीक पंडित अॅरिस्टॉटल यांच्या मतांवर ते प्रश्न होते. आपल्या जगासारखे दुसरे जग असू शकते काय? बर्फ पाण्यावर का तरंगतो? अॅरिस्टॉटलचे नाव ऐकताच त्या काळचे विद्वान मान झुकवत. परंतु नाव मोठे आहे एवढ्यासाठी कोणतीही गोष्ट मान्य करायला अल्बेरुनी तयार नव्हते. इब्न सीनांनी उत्तरे पाठवली. ती पटली नाहीत तेव्हा अल्बेरुनींनी पुन्हा शंका लिहून पाठवल्या.

त्या दिवसांत राजकारणात फार उलथापालथ चालू होती. ९९५ साली ख्वारिज्ममध्ये लढाई झाली आणि अल्बेरुनींना घर सोडून पळावे लागले. काही वर्षे त्यांनी हालअपेष्टेत काढली. नंतर कॅस्पियन समुद्राजवळील गुरगान येथील राजा काबूस याने त्यांना आश्रय दिला. तेथे सुमारे १००० साली त्यांनी एक मोठा ग्रंथ पुरा केला. वेगवेगळ्या लोकांच्या कालगणना आणि त्यांचे सण हा त्याचा विषय होता. यहुदी, ख्रिस्ती, पारशी, अरब अशा अनेकांचे महिने कसे चालतात, वर्ष कधी सुरू होते, कोणता सण का साजरा करतात, हे सारे त्यांनी विचारून विचारून लिहिले. तेव्हा त्यांचे वय फक्त सत्तावीस वर्षांचे होते. दुसऱ्याच्या धर्माविषयी आदराने विचारण्याची सवय त्यांना तेव्हापासूनच होती.

पुढे ते आपल्या प्रदेशात परतले आणि ख्वारिज्मच्या राजाच्या दरबारात मानाने राहू लागले. पण ते सुखही टिकले नाही. १०१७ साली गझनीचा सुलतान महमूद याने ख्वारिज्म जिंकून घेतले. तेथील विद्वानांना तो आपल्याबरोबर गझनीला घेऊन गेला. त्यांत चव्वेचाळीस वर्षांचे अल्बेरुनीही होते. गझनी हे शहर आज अफगाणिस्तानात आहे. ते तेथे स्वतःच्या मर्जीने गेले नव्हते. पण ज्या ठिकाणी नशिबाने आणून सोडले, तेथेही शिकण्यासारखे काही सापडेलच, असा त्यांचा स्वभाव होता.

महमूदच्या स्वाऱ्या हिंदुस्थानावर होत होत्या. त्यामुळे गझनीचा आणि पंजाबचा संबंध आला. अल्बेरुनींना पंजाबात जाण्याची संधी मिळाली. पेशावर, झेलम, सियालकोट, लाहोर, मुलतान अशा ठिकाणी ते गेले. नंदना नावाच्या किल्ल्यावर त्यांनी एक अद्भुत प्रयोग केला. हा किल्ला आज पाकिस्तानातील पंजाबात आहे. जवळच्या डोंगराची उंची त्यांनी मोजली. मग डोंगरावरून दूरचे क्षितिज किती खाली दिसते तो कोन मोजला. एवढ्या दोन मापांवरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. त्यांचे उत्तर आजच्या मोजमापाच्या फार जवळ आहे.

परंतु पृथ्वी मोजण्यापेक्षाही कठीण काम त्यांनी येथे हाती घेतले. ते म्हणजे येथील लोकांचे मन समजून घेणे.

या कामाची सुरुवात कशी झाली तेही ऐका. अबू सहल या नावाच्या एका विद्वानाशी अल्बेरुनी एकदा बोलत होते. बोलता बोलता एका पुस्तकाचा विषय निघाला. त्या पुस्तकात एका पंथाचे मत मोडूनतोडून, चुकीचे सांगितले होते. त्यावर अल्बेरुनींनी सांगितले, की हिंदूंच्या धर्माविषयी आपल्याकडे जी पुस्तके आहेत त्यांचीही हीच गत आहे. एकाने ऐकीव गोष्ट लिहिली, दुसऱ्याने ती उतरवून घेतली, तिसऱ्याने त्यात भर घातली. प्रत्यक्ष जाऊन कोणी विचारलेच नाही. तेव्हा अबू सहल यांनी त्यांना आग्रह केला, की जे खरे आहे ते तुम्हीच लिहा.

अल्बेरुनींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे संस्कृत भाषा शिकायला घेतली. विचार करा मुलांनो, पंचेचाळिशीच्या आसपास परकी भाषा अगदी पहिल्यापासून शिकायची! तुम्ही उर्दू वाचता आणि मराठीही वाचता. म्हणून त्यांची अडचण तुम्हांला इतरांपेक्षा लवकर कळेल. अरबी लिपीत प, ग, च ही अक्षरे नाहीत. ट, ठ, ण हे उच्चार नाहीत. जेर, जबर, पेश बहुधा लिहीत नाहीत. मग संस्कृत शब्द त्या लिपीत उतरवायचा कसा? स्त्री किंवा स्नान अशा शब्दांत सुरुवातीलाच दोन तीन व्यंजने एकत्र येतात, तीही जिभेला जड जात. अल्बेरुनी पंडितांच्या तोंडून शब्द ऐकत, मोठ्या काळजीने लिहून घेत आणि पुन्हा त्यांनाच म्हणून दाखवत. पण पंडितांना आपलाच शब्द ओळखू येत नसे! मग पुन्हा ऐकायचे, पुन्हा लिहायचे. त्यात एका वस्तूला अनेक नावे आणि एका नावाचे अनेक अर्थ. शिवाय बहुतेक ग्रंथ श्लोकांत असल्यामुळे अर्थ लावणे आणखी अवघड जाई. तरीही त्यांनी हार मानली नाही. जिथे जिथे संस्कृत ग्रंथ मिळण्याची आशा असे तिथून ते पैसे खर्च करून मागवीत. ग्रंथ समजावून देणारे पंडित दूर दूरच्या गावांहून बोलावून घेत.

आता खरा प्रश्न असा, की त्यांच्या प्रश्नांना लोकांनी कसा प्रतिसाद दिला?

पहिला प्रतिसाद होता संशयाचा. आणि त्याला कारणही तसेच होते. अल्बेरुनी ज्या सुलतानाच्या राज्यातून आले होते त्याच सुलतानाच्या फौजांनी मथुरा, कनोज, सोमनाथ अशी नगरे लुटली होती. ज्यांची घरे उजाड झाली त्यांच्या दारात जाऊन हा मनुष्य त्यांच्या देवाधर्माविषयी विचारत होता. लोकांनी दार का उघडावे? अल्बेरुनींनी त्याबद्दल लोकांना दोष दिला नाही. उलट त्यांनी आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले, की या स्वाऱ्यांमुळे देशाची भरभराट नष्ट झाली, लोक धुळीच्या कणांप्रमाणे चहूकडे विखुरले गेले, त्यांच्या मनात मुसलमानांविषयी तिटकारा बसला आणि त्यांच्या विद्या काश्मीर, बनारस अशा दूरच्या ठिकाणी निघून गेल्या. गझनीच्या राज्यात राहून हे लिहिणे सोपे नव्हते. पण उत्तर का मिळत नाही हे समजून घेणे हासुद्धा प्रश्न विचारण्याचाच एक भाग आहे, हे त्यांनी जाणले होते.

दुसरा प्रतिसाद होता अभिमानाचा. काही पंडितांना वाटे, की आपल्या देशासारखा देश नाही, आपल्या विद्येसारखी विद्या नाही, परक्याला ती सांगायची कशाला? खुरासान किंवा इराणात कोणी विद्वान आहे असे सांगितले तर ते विश्वास ठेवीत नसत. ही गोष्ट अल्बेरुनींना खटकली आणि त्यांनी ती लिहिली. पण लगेच दोन गोष्टी जोडल्या. एक अशी, की यांचे पूर्वज इतक्या संकुचित मनाचे नव्हते. वराहमिहिर या थोर ज्योतिषाने लिहिले होते, की ग्रीक लोक परके असले तरी विद्येत निपुण आहेत, म्हणून त्यांना मान द्यावा. दुसरी गोष्ट अशी, की परक्याला कमी लेखण्याची खोड एकट्या हिंदूंची नाही. ती आपल्यातही आहे, सर्वच लोकांत आहे. मित्रांनो, दुसऱ्याचा दोष सांगताना स्वतःकडेही बोट दाखवणारे लेखक फार थोडे असतात.

तिसरा प्रतिसाद अधिक विचार करायला लावणारा आहे. काही माणसांना खरे उत्तर माहीत असते, पण ती लोकांना रुचेल तेच सांगतात. ब्रह्मगुप्त हे अल्बेरुनींच्या पूर्वी सुमारे चारशे वर्षे होऊन गेलेले मोठे गणिती. चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्रग्रहण होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांचे गणितही त्याच आधारावर होते. तरी राहूचे मस्तक चंद्राला गिळते या लोकांच्या समजुतीची बाजू त्यांनी आपल्या ग्रंथात घेतली. असे त्यांनी का केले असेल? अल्बेरुनींनी त्यांना खोटे ठरवून हात झटकले नाहीत. त्यांनी सॉक्रेटिसची आठवण काढली. लोकांच्या समजुतींवर शंका घेतल्याबद्दल अथेन्समध्ये सॉक्रेटिसला विषाचा पेला प्यावा लागला होता. ब्रह्मगुप्तांनाही तशीच काही भीती वाटली असावी, असा अंदाज त्यांनी केला. जेथे खरे बोलणाऱ्याला शिक्षा होते, तेथे प्रश्नांना खरी उत्तरे मिळत नाहीत.

आणि चौथा प्रतिसाद? तो होता मनमोकळेपणाचा. सुरुवातीला अल्बेरुनी पंडितांसमोर शिष्यासारखे बसत. पुढे त्यांची प्रगती झाली. मग तेही पंडितांना ताऱ्यांच्या गणितातील तत्त्वे आणि त्यांची कारणे समजावून सांगू लागले. पंडित चकित झाले. हे तुम्ही कोणत्या हिंदू गुरूकडून शिकलात, असे ते विचारू लागले. कोणी त्यांना जादूगार समजले, तर कोणी विद्येचा सागर म्हणू लागले. संशयाची भिंत हळूहळू खाली आली. जे पंडित आधी बोलायला तयार नव्हते तेच आता प्रश्न घेऊन येऊ लागले. काश्मीरच्या विद्वानांनी त्यांना दहा प्रश्न पाठवले. अल्बेरुनींनी त्यांची उत्तरे लिहून पाठवली. ज्या काश्मीरमध्ये त्यांना कधी जाता आले नाही, तेथून प्रश्न त्यांच्याकडे चालत आले! पंडितांसाठी त्यांनी युक्लिडच्या भूमितीचा ग्रंथ संस्कृतात आणण्याचे कामही हाती घेतले. तसेच सांख्य आणि पातंजल हे दोन संस्कृत ग्रंथ त्यांनी अरबीत आणले. पातंजलाचा त्यांचा अनुवाद आजही उपलब्ध आहे आणि तो सगळा प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. भगवद्गीता हीसुद्धा अर्जुनाने विचारलेल्या प्रश्नांतूनच पुढे जाते. तिच्यातील विचारही त्यांनी आपल्या पुस्तकात जागोजागी दिले.

सुमारे १०३० साली त्यांचा मोठा ग्रंथ पुरा झाला. त्याला आपण किताबुल हिंद या नावाने ओळखतो. त्याच्या मूळ लांबलचक नावातील पहिला शब्द आहे तहकीक. या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. या ग्रंथाची ८० प्रकरणे आहेत. ईश्वर, आत्मा, पुनर्जन्म, वेद, पुराणे, चालीरीती, कायदा, सण, उपवास, यात्रा, मोजमापे, नद्या, गावांची अंतरे, ग्रहतारे असे कितीतरी विषय त्यांत आहेत. आपल्या महाराष्ट्राचा उल्लेखही त्यात आहे. धार नगरीहून दक्षिणेकडे जाणारा मार्ग सांगताना त्यांनी मराठ्यांचा देश, पुढे कोकण प्रांत आणि समुद्रकाठची त्याची राजधानी ठाणे यांची नावे दिली आहेत. ते स्वतः पंजाबच्या पुढे आले नव्हते. पण जाणाऱ्या येणाऱ्यांना विचारून त्यांनी ही माहिती मिळवली.

हा ग्रंथ लिहिताना त्यांनी काही नियम पाळले. आपण वाद जिंकण्यासाठी लिहीत नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. हिंदू लोक जे मानतात ते त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे मांडायचे, मग ते आपल्याला पटो वा न पटो. शहाण्या माणसांचे मत आणि अडाणी माणसांची समजूत यांत फरक करायचा. म्हणूनच त्यांनी लिहिले, की येथील विचारवंत ईश्वर एक आहे, त्याला आरंभ नाही आणि शेवट नाही असे मानतात. सामान्य माणसाचे मन मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूकडे ओढले जाते, आणि हे सगळ्या समाजांत घडते, असेही त्यांनी दाखवून दिले. एखादी चाल विचित्र वाटली तर इस्लामपूर्वीच्या अरबांतही अशा चाली होत्या, याची ते वाचकाला आठवण करून देत. जी गोष्ट चुकीची वाटली ती चुकीची आहे असे त्यांनी स्पष्ट म्हटले. पण चेष्टा करण्यासाठी त्यांनी हा ग्रंथ लिहिला नाही.

मुलांनो, कोणी विचारील, की दुसऱ्यांच्या धर्माचा इतका अभ्यास करून अल्बेरुनींचा स्वतःच्या धर्मावरचा विश्वास कमी झाला का? मुळीच नाही. ते अखेरपर्यंत श्रद्धावान मुसलमान राहिले. गझनीहून किब्ल्याची दिशा अचूक कशी काढावी यासाठी त्यांनी खूप कष्टाने गणित केले. नमाजाच्या वेळा समजाव्यात म्हणून त्यांनी एक यंत्रही तयार केले. त्या यंत्राची गोष्ट मजेदार आहे. त्यावर रूमी, म्हणजे ख्रिस्ती लोकांचे महिने कोरले होते, कारण ते महिने सूर्याप्रमाणे चालतात. मशिदीतील मुअज्जिनाने ते वापरायला नकार दिला. परधर्मीयांचे महिने आपण का वापरावेत, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर अल्बेरुनींनी त्याला सुनावले, की रूमी लोक जेवतातही, मग त्या बाबतीतही त्यांच्यासारखे करू नकोस! पाहा, प्रश्नाला घाबरणारी माणसे केवळ परक्यांतच नव्हती. ती घरातही होती.

खुद्द सुलतान महमूदचीही एक गोष्ट सांगतात. एकदा त्याच्या दरबारात दूर देशचा एक वकील आला. ध्रुवाकडील एका प्रदेशात काही काळ सूर्य मावळतच नाही, असे त्याने सांगितले. सुलतान भडकला. सूर्य मावळत नाही तर नमाजाच्या वेळा कशा ठरणार? हा मनुष्य धर्माविरुद्ध बोलतो आहे, असे त्याला वाटले. त्या बिचाऱ्याच्या जिवावरच बेतले होते. तेव्हा सुलतानाने अल्बेरुनींकडे पाहिले. त्यांनी शांतपणे त्याचे कारण समजावून सांगितले आणि असे घडू शकते हे पटवून दिले. सुलतानाचा राग ओसरला. त्याचा मुलगा मसूद याला मात्र या विषयाची खरीच गोडी लागली. दिवसरात्र लहानमोठे का होतात हे त्याने अल्बेरुनींना विचारले, आणि त्यांनी त्याच्यासाठी ते सोप्या भाषेत लिहून दिले. बापाला त्या गोष्टीचा राग आला, मुलाला त्याच गोष्टीतून विद्या मिळाली.

पुढे मसूद सुलतान झाला. अल्बेरुनींनी खगोलशास्त्रावरचा आपला सर्वांत मोठा ग्रंथ त्याला अर्पण केला. तो कानूने मसूदी या नावाने प्रसिद्ध आहे. सुलतानाने खूश होऊन हत्तीवर चांदी लादून पाठवली. पण अल्बेरुनींनी ती परत केली, असे सांगतात. आयुष्यभरात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ लिहिले. त्यांतील पुष्कळ आज नष्ट झाले आहेत.

सुमारे १०४८ साली गझनी येथे अल्बेरुनींचे निधन झाले. त्यांच्या शेवटच्या दिवसाची एक कथा जुन्या ग्रंथांत आहे. ते मरणशय्येवर होते. श्वास घेणे जड जात होते. त्यांना भेटायला त्यांचे एक स्नेही आले. ते कायद्याचे जाणकार होते. त्यांना पाहताच अल्बेरुनींना एक जुना प्रश्न आठवला. वारसाहक्काच्या हिशोबातील एक बाब त्यांना अजून नीट समजली नव्हती. त्यांनी ती विचारली. स्नेह्यांना वाईट वाटले. अशा अवस्थेत हे कशाला, असे त्यांनी म्हटले. परंतु ती गोष्ट न समजता जग सोडण्यापेक्षा समजून घेऊन जाणे बरे, असे अल्बेरुनींचे म्हणणे पडले. तेव्हा त्यांनी उत्तर सांगितले. अल्बेरुनींनी ते पुन्हा म्हणून पक्के केले. स्नेही बाहेर पडले आणि रस्त्यात असतानाच त्यांना घरातून रडण्याचा आवाज ऐकू आला.

विद्यार्थी मित्रांनो, आपण ज्या देशात राहतो तेथे अनेक धर्मांचे लोक एकाच गल्लीत राहतात, एकाच नळावर पाणी भरतात, एकाच एस.टी.ने प्रवास करतात. अल्बेरुनींना जे पाहण्यासाठी डोंगर ओलांडावे लागले ते तुमच्या दाराशी आहे. तेव्हा तुम्हांला कोणी आपल्या रोजाविषयी, नमाजाविषयी, ईदविषयी मनापासून विचारले तर रागावू नका. ठाऊक असेल ते सांगा. ठाऊक नसेल तर मौलवीसाहेबांना किंवा घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून सांगेन, असे म्हणा. मनाने काही तरी रचून सांगू नका. आणि तुम्हांला दुसऱ्याच्या सणाविषयी किंवा पूजेविषयी जाणून घ्यायचे असेल तर तेही विचारा. मात्र हसण्यासाठी किंवा हरवण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी विचारा. पहिल्या वेळी उत्तर मिळाले नाही तर त्या माणसाला काय दुःख झाले असेल, त्याचा विचार करा. त्याची भाषा शिका. तुम्ही मराठी शिकता आहात ते केवळ परीक्षेत गुण मिळवण्यासाठी नाही. शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते त्याच्याच शब्दांत ऐकण्याचा तो मार्ग आहे.

स्वाध्याय

१. अल्बेरुनींना संस्कृत शिकताना कोणत्या अडचणी आल्या? उर्दू व मराठी शिकताना तुम्हांला आलेल्या अडचणींशी त्यांची तुलना करा.
२. अल्बेरुनींच्या प्रश्नांना लोकांनी दिलेले चार प्रकारचे प्रतिसाद थोडक्यात लिहा.
३. लोक आपल्याशी मोकळेपणाने का बोलत नाहीत, याचे कोणते कारण अल्बेरुनींनी सांगितले?
४. मुअज्जिन आणि यंत्र यांची गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा.
५. दुसऱ्या धर्माच्या मित्राला त्याच्या एका सणाविषयी विचारा. त्याने दिलेली माहिती आठ ते दहा ओळींत, त्याला वाचून दाखवता येईल अशी लिहा.